पट्टी काढलेली फळी

कुठलीही वस्तू बदलायची झाली की मी आधी दोन गोष्टी लिहून काढते: जुनीचं नेमकं काय बिघडलंय, आणि नवीने ते सुटणार आहे का. कुलर असो, मिक्सर असो, की मी जिथे काम करते त्या शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू असो. स्किमबोर्डच्या वेळी मात्र पहिल्याच ओळीवर पेन थांबलं. फळी वळत नव्हती, एवढं नक्की होतं. पण बिघाड फळीत होता की माझ्यात, हे मला सांगता येईना.

स्किमबोर्ड म्हणजे एक पातळ, लांबट फळी. ओल्या वाळूवर पाण्याचा जेमतेम घोटा भिजेल एवढा थर असला की ती त्यावर सपाट सोडायची, मागून धावत जाऊन तिच्यावर चढायचं आणि जाईल तितकं घसरत जायचं. लाट असली तर उत्तम, नसली तरी चालतं. भिलाईत समुद्र नाही हे मला ठाऊक आहे. सेक्टर दहातल्या आमच्या स्ट्रीटवर ते मला आठवणीने सांगणारे पुष्कळ निघाले.

सुरुवात पुरीला झाली. आम्ही बहुतेक वर्षी तिथे जातो. संध्याकाळी दुर्गहून गाडीत बसलं की सकाळी समुद्र. किनाऱ्यावर एक माणूस अशा फळ्या भाड्याने देत होता. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. फळीवर स्थिर उभं राहिलं की ती खाली बसते, वाळूला टेकते. धावती असली की तेवढ्याच पाण्यावर माणसाला उचलून धरते. वजन तेच, पाणी तेच, मग मधे बदलतं काय? हे उत्तर बघून मिळणारं नव्हतं, म्हणून मी चप्पल काढली. पहिल्यांदा फळी पुढे गेली आणि मी मागे बसले. नवरा म्हणाला, "उठ, लोकं पाहून राहिले." मी म्हटलं, "पाहू द्या." परत निघायच्या सकाळी मी चार पावलांइतकं घसरले आणि त्या चार पावलांचं कौतुक मला रायपूर येईपर्यंत पुरलं.

घरी आल्यावर प्रश्न जागेचा होता. तो माझ्या नणंदेने सोडवला. ती कुम्हारीला राहते आणि रोज स्कूटीने रायपूरला एका दवाखान्यात बिलिंगच्या कामाला जाते. हायवेवरचे ट्रक, खड्डे, रस्त्यावर बसलेल्या गाई, सगळ्यांशी तिची ओळख आहे. ती म्हणाली, "महानदीवर चल ना वहिनी. आरंगच्या पुढं नदी कमी अन् वाळूच जास्त. पाणी तर असं पसरते का जसं कोणी बादली सांडवली."

तसंच होतं. पावसाळा ओसरला की महानदीचं पात्र उघडं पडतं, आणि वाळूवरून पाण्याचे रुंद, उथळ पट्टे वाहत राहतात. आम्हाला एक जागा सापडली जिथे असा पट्टा सरळ येतो, मग वाळूच्या एका उंचवट्याला अडून डावीकडे वळतो. वळणाच्या पुढे तो आणखी रुंद होतो आणि लांबवर, अगदी परातीत पाणी ठेवावं तसा, हलकेच चमकत पसरतो. तिथपर्यंत घसरत जायचं, हे मी पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं. मधे फक्त ते वळण होतं.

फळी नवऱ्याने बनवली. तो स्टील प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मेन्टेनन्सला आहे. स्वयंपाकघराच्या कपाटांतून उरलेला जाड प्लाय त्याने कापला, नाकाकडे थोडा घासून उतरता केला, ऑइल पेंटचे हात दिले. इथवर ठीक. मग त्याने तिच्या सगळ्या कडेने अॅल्युमिनियमची पट्टी मारली.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्या गावात पट्टी मारल्याशिवाय वस्तू पूर्ण झाली असं कोणी मानत नाही. टेबलाला पट्टी, पायरीच्या कडेला पट्टी, देव्हाऱ्याच्या पाटाला पट्टी. माझ्या शेजारणीच्या पोळपाटालाही आहे. वस्तू चांगली की वाईट हे आधी उचलून बघायचं, मग बोटाच्या पेराने ठोकून. जड असेल आणि ठणठणीत वाजली तर पास. लोखंड बनवणाऱ्या माणसांना हलक्या वस्तूचा भरवसा वाटत नाही, त्यात त्यांची चूक काही नाही. नवऱ्याने फळी माझ्या हातात दिली तेव्हा मी पण आधी वजनच बघितलं आणि खूश झाले.

नणंद म्हणाली, "दादा, खालून चाकं लावले असते तर मालगाडीत जोडता आली असती."

"तू चूप बस. दहा वर्षं काई होत नाई इले."

खरंच काही झालं नाही. दोन हिवाळे ती फळी चालली. धावण्याची लय सापडली, उडी न मारता फळीवर पाऊल ठेवायला मी शिकले, मागचा गुडघा वाकवायला शिकले. सरळ जाणं इतकं बसलं की वाळूच्या उंचवट्यापर्यंत मी डोळे मिटून पोचले असते. आणि दर वेळी त्याच उंचवट्यावर जाऊन थांबत होते. डावीकडे तो रुंद पट्टा दिसायचा. वजन डावीकडे टाकलं की फळी सरळच जायची, जास्त टाकलं की मी एकटी डावीकडे जायची.

म्हणून तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर मी नवी फळी घ्यायचं ठरवलं. पुरीच्या फळीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे विकायला दोन पर्याय होते. एक फायबरची, नवी, हलकी, छोटी, टोकदार आणि नाक वर उचललेली. दुसरी लाकडी, वापरलेली, मोठी, पातळ, जवळजवळ सपाट. फायबरची घेतली असती तर त्या वर्षी पुरीला जाणं रद्द करावं लागलं असतं. लाकडी परवडत होती. मी कागदावर दोन रकाने आखले आणि फायबरच्या रकान्यात लिहायला लागले: हलकी, वेगवान, वळते. मन कुठे झुकलंय ते हस्ताक्षरावरूनच कळत होतं.

"मॅडम, वेट कितना है?" फळीवाल्याने विचारलं.

मी म्हटलं, "फळीचं?"

"आपका."

फोन स्पीकरवर होता. नवरा समोर शेंगा सोलत बसला होता. मी आकडा सांगितला. नवऱ्याने शेंग हातातच धरून माझ्याकडे बघितलं. "खरं सांग अवं. तो काई लग्न नाई जमवून राहिला." मी खरा आकडा सांगितला.

फळीवाल्याने जे सांगितलं त्याने माझे दोन्ही रकाने पालटले. छोटी फळी म्हणजे पुढची पायरी, असं मी धरून चालले होते. तो म्हणाला, फळीचा आकार वजनावर जातो, हुशारीवर नाही. उचललेलं नाक लाटेवर चढायला लागतं. नदीच्या सपाट, उथळ पाण्यावर ते पाणी ढकलत बसेल आणि वेग खाईल. तुमच्यासाठी मोठी, सपाट, हलकी. मग त्याने विचारलं, आत्ता अडचण काय येते? मी म्हटलं, वळत नाही. तो म्हणाला, "बोर्ड नहीं मुडता, या आप नहीं मुडतीं?"

हा माणूस विक्रेता होता. त्याला हा प्रश्न विचारायची काही गरज नव्हती. मी विचार करून सांगते म्हणून फोन ठेवला.

रात्रीच्या भाजीला फोडणी देताना मी नवऱ्याला म्हटलं, लाकडी मागवून टाकूया. तो म्हणाला, "मागव. पण मले एक सांग. नवी फळी आली अन् वळली, तर तुले कसं समजन का फळी वळली का तू?"

"वळल्याशी मतलब."

"अन् नाई वळली तर?"

मी गॅस बारीक केला. नेमकी हीच भीती होती. मी पन्नाशीला टेकले आहे. माझा डावा गुडघा जिना उतरताना आपलं मत देतो. नव्या फळीनेही वळले नाही, तर त्या उंचवट्यापलीकडे मला कधीच जाता येणार नाही, यावर शिक्का बसला असता. जुनी फळी असेपर्यंत निदान दोष द्यायला फळी तरी होती.

नवरा म्हणाला, "मिलमध्ये फॉल्ट आला का आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या तर मशीन चालू होते, पण कायनं चालू झाली ते कोणालेच समजत नाई. मग पुढच्या वेळी पुन्हा तेच."

"मग पहिले काय बदलायचं?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. फळी उलटी करून हात फिरवला की कळायचं. पट्टीची एक कड तळाच्या खाली, नखाच्या जाडीएवढी, उतरलेली होती. फळीच्या दोन्ही बाजूंनी. त्या दोन कडा वाळूत रुतून फळीला सरळच ठेवत असणार. पण पट्टी त्याची होती, स्क्रू त्याने मोजून मारले होते, प्रत्येकाचं डोकं आत बसवून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती.

"मी काढू?" मी विचारलं.

"तू नको काढू. प्लाय फोडशीन."

मागच्या अंगणात बसून त्याने पट्टी काढली. शेवटचा स्क्रू निघाल्यावर म्हणाला, "आता पाणी पिईन ते. मग मले नको म्हणू."

पुढच्या रविवारी कुम्हारीला नणंदेला घेतलं, रायपूर मागे टाकलं आणि नदीवर पोचलो. फळी सोडली, धावले, चढले. इतक्या वेगाने मी आजवर कधीच गेले नव्हते. पाण्याचा तो खरखर आवाज, जो मला फळीचा स्वभाव वाटायचा, तो पट्टीचा होता. आता फक्त सळसळ. उंचवट्यावर मी नेहमीपेक्षा जोरात आदळले आणि वाळूत गुडघ्यांवर बसले.

"सरळच गेली," मी ओरडले.

"पण बम जोरात गेली!" नणंद डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहिली होती.

म्हणजे फळीचा वेग अडत होता तो पट्टीने. वळण्याचं तिथेच होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. अर्धं उत्तर हातात आलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने मला झोपेतही सोडलं नाही. मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर पाय फाकवून उभी राहायची आणि वजन टाचेवरून बोटांवर न्यायची. नवरा भांडी पुसताना म्हणायचा, "बाजूनं जाऊ का, का तू वळणार हायेस?"

इकडे फळी खरोखर पाणी पीत होती. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. दुसऱ्या रविवारनंतर कडेला रंगाखाली फुगवटा आला. तिसऱ्या वेळी शेपटीकडचे थर जुन्या वहीच्या पानांसारखे उलगडायला लागले. आम्ही तिला आठवडाभर उन्हात ठेवायचो, नवरा फटीत गोंद भरून शिकंज्यात आवळायचा, तरी नदीवर एकदा गेली की परतताना जड. पट्टी असती तर ती दहा वर्षं टिकली असती, यात शंका नाही. सरळ जात. आता तिच्याकडे फार रविवार उरले नव्हते, आणि मला उत्तर याच फळीवर हवं होतं.

नवरा म्हणाला, "नवी मागवून घे. झालं ना."

"नाही. एका वेळी एकच. तुम्हीच म्हटलं."

तो हसला नाही, पण शिकंजा आणखी एक फेरा आवळला.

ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी फळीचं नाक एका बाजूने सुटायला आलं होतं. मी सकाळपासून उंचवट्यावर आदळत होते. नणंद वाळूत बसून आम्ही आणलेले अंगाकर खात होती. छत्तीसगडी शेजारणीकडून शिकलेली ही जाड भाकर मी नदीवर नेहमी नेते, कारण ती वाळूत पडली तरी झटकून खाता येते. नणंद एकदम म्हणाली, "वहिनी, तू कावून खाली पाहून राहिली?"

"फळी पाहते. सुटली की काय ते."

"फळी काय पायतं? मी हायवेवर खड्डा पायला ना, का गाडी खड्ड्यातच जाते. जिकडं जायचं तिकडं पायलं का गाडी आपोआप जाते. तू त्या ढिगाऱ्याकडं पायतं, मग ढिगाऱ्यावरच जाशीन ना, माय!"

दोन हिवाळे मी उंचवट्याकडे बघत होते, कारण आदळायचं नसेल तर बघायला नको का? मी म्हटलं, "स्कूटीला हँडल असतं."

"मग तू आपली मान वळव. तेच तुयं हँडल."

नवऱ्याने फळी उचलून बघितली, नाक दाबून बघितलं. "एखाद वेळ चालन," तो म्हणाला. "जास्त नाई."

मी मागे, नेहमीपेक्षा लांब गेले. फळी सोडली. धावताना गुडघ्याने आपलं मत दिलं, ते मी ऐकून घेतलं. पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं. उंचवटा समोरून यायला लागला आणि सगळं अंग म्हणत होतं की त्याच्याकडे बघ. मी मान डावीकडे फिरवली. लांब, त्या रुंद पट्ट्याच्या पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, त्याच्याकडे बघितलं. खांदा मानेमागे गेला, कंबर खांद्यामागे, आणि टाचांखाली काहीतरी हळूच तिरकं झालं. फार नाही. मग नाकाचा तुकडा निघाला, फळीने वाळू धरली आणि मी पाण्यात आडवी झाले.

उठून बघितलं तर उंचवटा माझ्या उजव्या हाताला होता.

नवरा धावत आला, पण माझ्याकडे नाही. मी पडलेल्या जागेच्या मागे तो वाकून उभा राहिला. पाणी तिथे इतकं उथळ होतं की सुटत आलेल्या, लोंबणाऱ्या नाकाने तळाच्या वाळूत रेघ ओढली होती, आणि पाणी ती हळूहळू भरून टाकत होतं. तो मिलमध्ये वाकलेला रूळ तपासतो तसा एक डोळा मिटून तिच्या रेषेत बघत होता. सुरुवातीला सरळ, मग डावीकडे, नखाच्या कोरीसारखी.

"वळली," तो म्हणाला.

"कोण?" नणंदेने विचारलं.

"फळीचं तर नाकच नाई राहिलं. फळी काय वळते."

सोमवारी मी पुरीला फोन केला. लाकडी, वापरलेली, मोठी, सपाट. कडेचं मी आधी विचारलं. तो म्हणाला, कडा इपॉक्सीने बंद केल्या आहेत, पाणी जाणार नाही, वर काही लावायचं नाही. "वो बोर्ड मुडेगा?" मी विचारलं. तो म्हणाला, ते तुम्ही सांगायचं. मी म्हटलं, हो, सांगते.

फायबरचा रकाना मी खोडला नाही. त्याखाली लिहिलं: समुद्र असेल तेव्हा. पुरीचं जाणं त्या वर्षीही झालं.

फळी पार्सलने आली. दुर्ग स्टेशनवर नवऱ्याने ती उचलली आणि त्याचा चेहरा पडला. "काईच वजन नाई हिले." घरी आल्यावर त्याने ती बोटाच्या पेराने ठोकली. ठणठणीत वाजली नाही. मग बराच वेळ अंगठा कडेवरून फिरवत राहिला, नाकापासून शेपटीपर्यंत आणि परत. मला माहीत होतं तो काय शोधतोय.

"पट्टी नाही," मी म्हटलं.

"मी कुठं काई म्हटलं?"

पहिल्या रविवारी नवी फळी माझ्या पायाखालून अशी सुटली की मी ओळखलंच नाही. धरायला काही नाही, खरखर नाही, वाळू लागत नाही. मान वळवली, खांदा वळवला, बगळ्याच्या जागी आज काठावर एक म्हैस होती तिच्याकडे बघितलं. फळी सरळ गेली, उंचवट्यावर चढली आणि मला पलीकडे टाकून मोकळी झाली.

नणंद वाळूतून ओरडली, "कावून वो वहिनी, नवी पण नाई वळत का?"

"वळेल," मी म्हटलं. "हिला अजून माझी सवय नाही."

वाळू झटकली, फळी काखेत घेतली आणि पुन्हा मागे चालत गेले.